गृहखातं कोणाकडे?

एप्रिल २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आमच्या रहाटणी फाट्यावर एक फ्लेक्स लागला होता. काळी पार्श्वभूमी, मधे दोन मेणबत्त्या, खाली पहलगामच्या भ्याड हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या पर्यटकांना भावपूर्ण श्रद्धांजली. वरच्या ओळीत पक्षाचे दिल्लीतले आणि मुंबईतले नेते टिकलीएवढ्या गोलांत, त्याखाली शहराध्यक्ष जरा मोठ्या गोलात, आणि उजव्या बाजूला कमरेपर्यंत, हात जोडून, दोन्ही मेणबत्त्यांपेक्षा उंच असे एक 'भावी नगरसेवक'. पिंपरी-चिंचवड महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक होता. त्यामुळे नगरसेवक असे कुणी उरलेच नव्हते. होते ते एक तर माजी, नाही तर भावी. शेजारच्या खांबाला दुसऱ्या पक्षाचा फ्लेक्स होता. मेणबत्त्या त्याच. छापणारा एकच असावा.

चहाच्या टपरीवर एक आजोबा बराच वेळ ते दोन्ही फ्लेक्स न्याहाळत उभे होते. शेवटी म्हणाले, "यात हार घालायचा झाला तर कुणाला घालायचा?"

प्रश्न बिनतोड होता. हल्ला झाला की पक्षांनी काय काय करायचं, याचा आता लग्नकार्यासारखा विधी ठरून गेला आहे. निषेध, घटनास्थळी भेट, मदतीचा आकडा, राजीनाम्याची मागणी, 'यात राजकारण नको' हे उत्तर, मग सर्वपक्षीय बैठक. पण हा विधी काही एका दिवसात बसला नाही. महाराष्ट्रात एकेक रीत कधी पडली, याची तारीख सांगता येते. आणि या सगळ्या रिती नव्हत्या तेव्हाच्या एका प्रकरणाचं टोक आमच्या नदीपलीकडच्या पिंपरीत आहे.

१० ऑगस्ट १९८६. निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य पुण्याच्या कॅम्प भागातून खरेदी करून पत्नीबरोबर घरी निघाले होते. गाडी स्वतः चालवत होते. मोटारसायकलवरून आलेल्यांनी गाडीच्या शेजारी येऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सुवर्णमंदिरातल्या ऑपरेशन ब्लू स्टारच्या वेळी लष्कराची सूत्रं वैद्यांकडे होती, हे त्याचं कारण. ते निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

मारेकरी पकडले जाण्याची सुरुवात मात्र कुठल्याही मोठ्या तपासापेक्षा एका साध्या अपघाताने झाली. सप्टेंबरात पिंपरीत एक मोटारसायकल ट्रकला धडकली. तिच्यावर होता सुखदेवसिंग सुखा, आणि मोटारसायकलही वैद्यांच्या खुनात वापरलेलीच. रहाटणीकडून काळेवाडीचा पूल ओलांडला की पवनेच्या पलीकडे पिंपरी. तेव्हा अलीकडे शेतं होती आणि पलीकडे कारखान्यांचे भोंगे. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक आणि दुचाकी यांची टक्कर ही तेव्हाही बातमी नव्हती, आजही नाही. पण त्या एका टकरीतून खटला उभा राहिला. १९८९ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने सुखा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना फाशी सुनावली, १९९२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला दोघांना येरवड्यात फासावर चढवलं. गोळीबारापासून फाशीपर्यंत सहा वर्षं दोन महिने.

मला इथे रस आहे तो पक्षांच्या वागण्यात. देशाच्या माजी लष्करप्रमुखाचा भरदिवसा पुण्यात खून होतो आणि कुणाची खुर्ची हलत नाही. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. ते पुढे १९८८ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. विरोधी बाकांवरचा सर्वांत वजनदार माणूस म्हणजे शरद पवार. ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात औरंगाबादला राजीव गांधींच्या उपस्थितीत काँग्रेसमध्ये परत गेले. दहशतवाद हा तेव्हा महाराष्ट्राच्या राजकारणाला 'पंजाबचा प्रश्न' वाटत होता. तो इथे येऊन माणूस मारून गेला तरी पंजाबचाच. त्यामुळे त्यावरून ना कुणाला सत्ता मिळवता येत होती, ना कुणाची घालवता येत होती. आज त्या शांततेला कुणी परिपक्वता म्हणेल. मला ती बरीचशी बेफिकिरी वाटते.

ही बेफिकिरी संपली ती १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी दुपारी. मुंबईत सुमारे दोन तासांत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं मेली. दिल्लीचं संरक्षण खातं सोडून पवार मुख्यमंत्रिपदावर परत आले होते ते ६ मार्चला, म्हणजे सहा दिवसांपूर्वी. डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींची राख अजून गरम होती. त्या संध्याकाळी पवारांनी दूरदर्शनवर स्फोट झालेल्या ठिकाणांची नावं सांगितली आणि त्यात एक न झालेला स्फोट घातला: मशीद बंदर. खरे स्फोट हिंदूबहुल वस्तीत झाले होते. मुसलमान वस्तीचंही एक नाव घेतलं तर पुन्हा दंगल पेटणार नाही, असा हिशेब. पुढे त्यांनी हे स्वतःच जाहीरपणे सांगितलं. हल्ल्यानंतर सत्ताधाऱ्याने केलेली महाराष्ट्रातली ही पहिली मोठी राजकीय कृती, आणि ती होती एक थाप. माझ्या मते ती योग्य थाप होती. पण मुख्यमंत्र्याने टीव्हीवर सांगितलेलं सगळंच खरं नसतं हे त्या दिवशी सिद्ध झालं, आणि पुढे खऱ्या गोष्टींवर शंका घेणाऱ्यांना ते कायमचं हत्यार मिळालं.

विरोधकांनी काय केलं? शिवसेना आणि भाजप यांनी स्फोटांचा प्रश्न दोन वर्षं जिवंत ठेवला. गोपीनाथ मुंडे गावोगाव सभा घेत होते; दाऊदला मुसक्या बांधून आणू, हे त्यांचं हमखास टाळ्या घेणारं वाक्य. १९९५ मध्ये शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले आणि मुंडे उपमुख्यमंत्री. गृहखातं मुंडेंकडेच. दाऊद आला नाही. या सरकारने जानेवारी १९९६ मध्ये दंगलींची चौकशी करणारा न्या. श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. मे महिन्यात वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार आलं आणि त्यांच्या सांगण्यावरून आयोग पुन्हा उभा केला, पण कार्यकक्षा वाढवून: आता दंगलींबरोबर मार्चचे स्फोटही त्यात आले. दंगल आणि स्फोट एकाच तराजूत. कोणता हल्ला कोणत्या पारड्यात टाकायचा, हे पक्ष ठरवणार, ही दुसरी रीत तिथे पडली. ती अजून सुटलेली नाही.

मधली वर्षं भराभर मागे टाकतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. सोनिया गांधी आणि रेल्वेमंत्री लालूप्रसाद त्याच रात्री मुंबईला धावले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख, गृहखातं राष्ट्रवादीच्या आर. आर. पाटील यांच्याकडे. दोघांपैकी कुणाचीही खुर्ची गेली नाही.

त्या काळात 'गृहखातं कोणाकडे' हा महाराष्ट्रातला कळीचा प्रश्न झाला. १९९९ पासून आघाडी होती: मुख्यमंत्री काँग्रेसचा, गृहमंत्री राष्ट्रवादीचा. छगन भुजबळ, मग आर. आर. आबा, मग जयंत पाटील, पुन्हा आबा. स्फोट झाला की विरोधक दोघांकडे बोट दाखवत, आणि ते दोघे एकमेकांकडे, अर्थात दबक्या आवाजात. पोलीस महासंचालकाला फोन कुणी करायचा हाच प्रश्न असेल तर त्या राज्यात जबाबदारी कुणाची, याचं उत्तर मिळत नाही. १३ जुलै २०११ ला झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादरला स्फोट झाले तेव्हा पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते. सुमारे पंधरा मिनिटं आपला वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांशी संपर्कच होऊ शकला नाही, हे नंतर त्यांनीच सांगितलं. आणि गृह व अर्थ ही खाती मित्रपक्षाला देणं ही चूक होती, असंही सुनावलं. माणसं मेलेली, आणि मुख्यमंत्री आपल्याच सरकारातल्या जोडीदाराची चूक काढताहेत. एरवी हे बंद दाराआड होतं, त्यांनी ते दार उघडून दाखवलं, एवढाच फरक.

आता २००८. इथे जरा थांबायला हवं, कारण आजच्या विधीतले बहुतेक मंत्र त्या नोव्हेंबरात रचले गेले.

सुरुवात २६ तारखेच्या आधीची आहे. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात स्फोट झाला, सहा माणसं मेली. एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे यांनी ऑक्टोबरात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूरला अटक केली, त्यानंतर लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहितला. शिवसेनेने 'सामना'तून करकरेंच्या तपासावर कोरडे ओढले. लालकृष्ण अडवाणींनी साध्वीचा छळ झाल्याचा आरोप करून चौकशी मागितली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत करकरे हे भाजप आणि शिवसेनेच्या लेखी राजकीय हेतूने तपास करणारे अधिकारी होते. २६ तारखेच्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. दुसऱ्या दिवसापासून करकरे सगळ्यांचे झाले.

२८ तारखेला गुजरातचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी मुंबईत आले. ट्रायडंट हॉटेलात चकमक संपायची होती, आणि बाहेर रस्त्यावर ते पत्रकारांशी बोलत होते. हुतात्मा पोलिसांच्या कुटुंबांना एक कोटी रुपये, ही घोषणा त्याच मुक्कामातली. करकरे यांच्या पत्नी कविता करकरे यांनी ते पैसे घेतले नाहीत. मदतीच्या आकड्याची रीत जुनी, पण एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने दुसऱ्या राज्यात येऊन ती पाळायची हे नवं; आणि घरच्यांनी हात आखडता घ्यायचा, हे त्याहून नवं. त्याच सुमारास दिल्ली विधानसभेच्या मतदानाच्या तोंडावर भाजपने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली: दहशतवादी वाटेल तिथे मारताहेत, सरकार दुबळं आहे, भाजपला मत द्या, अशा आशयाची. ताजमधला धूर तेव्हा अजून विझला नव्हता.

सत्ताधाऱ्यांची बाजू तर याहून वाईट. आर. आर. पाटील पत्रकारांसमोर हिंदीत बोलले आणि मोठ्या शहरांत असं एखादं होतच असतं, या अर्थाचं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा हा माणूस ग्राम स्वच्छता अभियानामुळे घराघरात पोचलेला, डान्स बार बंद करणारा, मराठीत बोलताना शब्द मोजून वापरणारा. हिंदीत ते मोजमाप चुकलं. आपला अर्थ तसा नव्हता, असा खुलासा त्यांनी केला. पण वाक्य शाहरुख खानच्या एका प्रसिद्ध संवादाच्या इतकं जवळ गेलं होतं की खुलासा कुणी ऐकला नाही. त्यात ३० नोव्हेंबरला विलासराव देशमुख ताजची पाहणी करायला गेले तेव्हा बरोबर मुलगा रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. जिथे रक्त पुसायचं होतं तिथे मुख्यमंत्री 'लोकेशन' दाखवायला गेले, असंच लोक बोलू लागले.

त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे, पायउतार झाले. १ डिसेंबरला आबांनी राजीनामा दिला. आणि इथे आघाडीचं गणित उघडं पडलं: राष्ट्रवादीने आपला गृहमंत्री दिला, आता काँग्रेसला आपला मुख्यमंत्री ठेवणं अवघड. विलासराव गेले. एकट्या वाक्याने किंवा एकट्या ताजच्या फेरीने ते गेले नसते, असं मला वाटतं. जोडीदाराने खुर्ची सोडली म्हणून गेले.

३ डिसेंबरला गेटवेसमोर माणसांचा पूर लोटला. त्या गर्दीचा राग दहशतवाद्यांवर होता त्याहून जास्त पुढाऱ्यांवर होता, सगळ्याच पक्षांच्या. त्याच दिवसांत आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरणारा एक एसएमएस होता: राज ठाकरे कुठे आहेत, त्यांना सांगा मुंबई वाचवायला आलेले कमांडो देशभरातून आले होते. त्याच वर्षी मनसेने परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन केलं होतं, त्याला हा टोला. दिल्लीत भाजपचे मुख्तार अब्बास नक्वी मेणबत्त्या लावणाऱ्या बायकांच्या लिपस्टिक-पावडरवर बोलले. आणि १७ डिसेंबरला केंद्रीय मंत्री ए. आर. अंतुले यांनी करकरे नेमके त्याच गल्लीत कसे गेले, त्यांना तिथे कुणी पाठवलं, अशी शंका संसदेच्या आवारात काढली. नवे केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांना लोकसभेत खुलासा करावा लागला. हयातीत ज्यांनी करकरेंवर शंका घेतली ते आता त्यांचा गौरव करत होते, आणि ज्यांनी त्यांची बाजू घेतली होती त्यांच्यातल्या एकाने त्यांच्या मृत्यूवरच शंका घेतली.

मुख्यमंत्री कोण, हा प्रश्न मात्र झटपट सुटला. म्हणजे तसा सुटला नाही: नारायण राणेंना वाटत होतं आपलाच नंबर. अशोक चव्हाणांचं नाव जाहीर झालं तेव्हा राणेंनी काँग्रेस नेतृत्वावर तोफ डागली, पक्षाने त्यांना निलंबित केलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर, हल्लेखोरांपैकी जिवंत सापडलेल्या कसाबशेजारी राणे होते. फेब्रुवारीत निलंबन मागे घेतलं आणि राणे परत मंत्री. ८ डिसेंबरला अशोक चव्हाणांनी शपथ घेतली. वैद्यांची हत्या झाली तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण हे यांचे वडील. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी केंद्रीय गृहमंत्रीही तेच. त्याच ८ डिसेंबरला दिल्ली आणि राजस्थानचे निकाल लागले, आणि दोन्ही ठिकाणी काँग्रेस जिंकली. जाहिरात वाया गेली.

मग कुणाला काय शिक्षा झाली? मे २००९ मध्ये दक्षिण मुंबईत, जिथे ताज आणि ट्रायडंट आहेत तिथेच, काँग्रेसचे मिलिंद देवरा निवडून आले. त्याच महिन्यात विलासराव केंद्रात अवजड उद्योगमंत्री झाले. ऑक्टोबरात आघाडीने राज्य तिसऱ्यांदा राखलं, मनसेच्या १३ जागांनी आणि खाल्लेल्या मतांनी त्यात हातभार लावला. नोव्हेंबरात आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री. वर्षही पुरतं भरलं नव्हतं. राम प्रधान समितीचा अहवाल एप्रिल २००९ मध्ये आला, एनआयएचा कायदा डिसेंबर २००८ मध्येच झाला, मुंबईत एनएसजीचा तळ आला, फोर्स वन उभी राहिली. ही कामं झाली, नाकारायचं कारण नाही. पण प्रधान समितीने जोर दिलेल्या सीसीटीव्हींचं मुंबईतलं मोठं जाळं सुरू झालं ते २ ऑक्टोबर २०१६ ला. तोवर सरकार बदललं होतं.

आबा परत येऊन तीन महिने झाले आणि १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारी संध्याकाळी, कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत एक बेवारस बॅग फुटली. १७ माणसं गेली. आदल्याच दिवशी 'माय नेम इज खान' प्रदर्शित झाला होता. शिवसेनेच्या विरोधामुळे मुंबईतल्या थिएटरांबाहेर पोलिसांचा कडेकोट बंदोबस्त होता. चिदंबरम रविवारी पुण्यात आले. बेकरीजवळच्या ओशो आश्रमाची आणि ज्यू धर्मस्थळाची, २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने टेहळणी केली होती आणि राज्याला त्याची सूचना दिली होती, हे केंद्राने लगेच सांगितलं. म्हणजे चेंडू राज्याकडे. भाजपने २५ फेब्रुवारीला ठरलेली भारत-पाकिस्तान परराष्ट्र सचिवांची बोलणी रद्द करा म्हटलं. ती झाली. राजीनामा या वेळी कुणी दिला नाही. २००८ ची रीत २०१० मध्ये कुणी पाळली नाही, आणि पाळा म्हणून फार आग्रहही धरला नाही.

पिंपरी-चिंचवडला तेव्हा स्वतःचं पोलीस आयुक्तालय नव्हतं; ते १५ ऑगस्ट २०१८ ला झालं. तोवर आम्ही पुण्याच्या आयुक्तांच्या हद्दीत. तेव्हा आयुक्त होते सत्यपाल सिंह. पक्षांची भाषणं टीव्हीवर चालू होती, रहाटणीत मात्र एक कागद आला: भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म. चाकण, भोसरी, हिंजवडीला कामाला जाणारी माणसं आमच्याकडच्या चाळींत राहतात. कुणी लातूरचं, कुणी बुलढाण्याचं, कुणी थेट बिहारचं. एका खोलीत चौघं, पाळी बदलली की गादीवरचा माणूस बदलतो. फॉर्मात फोटोची जागा, मूळ गाव, ओळखीच्या दोन व्यक्ती, घरमालकाची सही. घरमालक म्हणायचे, "चौघांचे चार फॉर्म कुठं भरू, एकाचा भरतो." तो एक गावी गेला की खोली पुन्हा नोंदीबाहेर. परप्रांतीय मुलांना मात्र चौकीवर दोनदा बोलावणं व्हायचं. माणसाकडे एवढ्या जवळून बघणारं राज्य त्या वेळी आम्हाला फक्त त्या फॉर्मातच भेटलं.

१ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व ते गरवारे पुलाच्या पट्ट्यात, कमी ताकदीचे बाँब फुटले. एक जण जखमी. पुण्याची सुटका झाली ती बाँब कच्चे निघाले म्हणून. जर्मन बेकरीनंतर कबूल केलेलं कॅमेऱ्यांचं जाळं अडीच वर्षांनीही बसलेलं नव्हतं, आणि आता सगळे पक्ष त्यावर एकमताने संतापले. सुशीलकुमार शिंदे यांनी केंद्रीय गृहखात्याची सूत्रं हाती घेतली होती ती त्याच दिवशी सकाळी. त्या वर्षीच्या २१ नोव्हेंबरला कसाबला येरवड्यात फाशी झाली. दिल्लीत ती जाहीर केली सोलापूरच्या शिंद्यांनी, मुंबईत तासगावच्या आबांनी. चार वर्षांपूर्वी एका वाक्याने गेलेल्या माणसाला नियतीने एवढं एक वाक्य परत दिलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये आबा गेले.

अधिकाऱ्यांचं पुढे काय झालं, हेही नोंदवून ठेवायला हवं. जर्मन बेकरीच्या वेळचे पुण्याचे आयुक्त सत्यपाल सिंह मुंबईचे आयुक्त झाले, मग नोकरी सोडून भाजपमध्ये गेले, २०१४ मध्ये बागपतचे खासदार झाले. जानेवारी २०१३ मध्ये शिंदे जयपूरला हिंदू दहशतवादाच्या प्रशिक्षण शिबिरांबद्दल बोलले आणि वादळ उठलं. तेव्हा आपल्याकडे दहा नावं आहेत असं सांगून त्यांची पाठराखण करणारे केंद्रीय गृहसचिव आर. के. सिंह वर्षअखेरीस भाजपमध्ये दाखल झाले. आणि २६/११ मुळे मुख्यमंत्री झालेले अशोक चव्हाण २०२४ च्या फेब्रुवारीत भाजपवासी झाले. खुर्च्या तशाच ठेवून माणसं बाजू बदलत गेली, म्हणून भाषणंही बदलत गेली.

पहलगामच्या वेळी गृहखातं खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सरकार बनताना एकनाथ शिंदे यांच्या पक्षाला ते हवं होतं, मिळालं नाही. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनमध्ये २६ जण मारले गेले. सहा महाराष्ट्रातले, त्यांतले दोन पुण्याचे मित्र. फडणवीसांनी गिरीश महाजनांना श्रीनगरला पाठवलं आणि उपमुख्यमंत्री शिंदे स्वतःच विमानाने पोचले. अडकलेल्या पर्यटकांना कुणी आणलं, यावरून विरोधकांना 'श्रेयवाद' हा शब्द आयता मिळाला. एकेकाळी राजीनाम्यात चढाओढ होती, आता विमानात. काँग्रेसच्या विजय वडेट्टीवारांनी, मारण्याआधी धर्म विचारायला दहशतवाद्यांना वेळ असतो का, असा प्रश्न केला. घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितल्यावर हे बोलायची गरज नव्हती, आणि त्यांना माफी मागावी लागली.

ऑपरेशन सिंदूरनंतर केंद्राने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं परदेशी पाठवली. सातांपैकी दोन शिष्टमंडळांचं नेतृत्व महाराष्ट्राकडे: सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे. संजय राऊतांनी या सगळ्याला 'वरात' म्हटलं. लग्नाची उपमा मीही वर वापरलीच आहे, त्यामुळे शब्दाला नावं ठेवत नाही. पण शरद पवारांनी राऊतांना जाहीर कानपिचक्या दिल्या: आंतरराष्ट्रीय प्रश्नात पक्ष आणू नये, नरसिंह रावांनीही वाजपेयींच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवलं होतं. सप्टेंबरात दुबईला भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना झाला तेव्हा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने 'माझं कुंकू, माझा देश' म्हणत पंतप्रधानांना कुंकू पाठवलं. १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली होती. चौतीस वर्षांनी कुदळीच्या जागी डबी आली.

त्या उन्हाळ्यानंतर, दहा दिवसांच्या अंतराने, दोन निकाल लागले. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवलं. हा निकाल धक्कादायक असल्याचं फडणवीस म्हणाले आणि राज्य सरकार लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ जुलैला एनआयएच्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं, प्रज्ञासिंह ठाकूर आणि पुरोहित यांच्यासह. दहशतवाद कधीच भगवा नव्हता, असं फडणवीस म्हणाले. दोन्ही प्रकरणांचा तपास सुरुवातीला महाराष्ट्राच्या एकाच एटीएसने केलेला, दोन्हींत माणसं मेलेली, आणि दोन्हींत ती कुणी मारली हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

रहाटणी फाट्यावरचा तो फ्लेक्स मे महिन्यातच गेला. तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. मालेगावच्या निकालाविरुद्ध सप्टेंबरात उच्च न्यायालयात अपील दाखल झालं. ते केलं मृतांच्या नातेवाइकांनी.